अक्कांचा उजवा पाय

"चप्पल काढ."

अक्का माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य हे. गाडीचं दार उघडून मी एक पाय आत टाकला होता, आणि डावीकडच्या सीटवर बसलेल्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, नाकात चमकी घातलेल्या बाई माझ्या पायाकडे बोट दाखवत होत्या. देवळात जायचंय का, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने सँडल काढून मागे ठेवली.

"आता पाय ठेव पेडलवर. दाबू नको. नुसता ठेव. काय कळतंय?"

"गार लागतंय," मी म्हणाले.

"सरी, ठीक. म्हणजे पायाला जीव आहे. चला."

तुम्हीही गाडी शिकला असाल, तर शिकवणारा माणूस आधी आरसे दाखवतो, गिअर दाखवतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. अक्का आधी अ‍ॅक्सिलरेटर दाखवायच्या, आणि तोही अनवाणी. त्या स्वतःही तशाच चालवायच्या. आमच्या जयनगरच्या गल्लीत सकाळी सकाळी त्यांची फिकट निळी, जुनी, छोटी गाडी पुढे-मागे शिकाऊ 'एल'च्या लाल पाट्या लावून निघाली, की शेजारी हमखास एखादी घाबरलेली बाई दिसायची. त्यांचं खरं नाव त्यांच्या लायसनवर होतं, पण ते कुणी कधी वाचलं असेल असं मला वाटत नाही. दूधवाल्यापासून आर.टी.ओ.तल्या साहेबापर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, पण त्या कोपऱ्यावर एखादी गाडी आचके देत थांबली की मी अजून वळून बघते.

त्यांच्याकडे मी गेले ती गाडीची हौस म्हणून नव्हे. आम्ही साताऱ्याकडचे, नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला आलो. गाडी सुहास चालवायचा. एक दिवस त्याला ऑफिसात फिट आली, काही आठवड्यांनी घरात पुन्हा आली, आणि डॉक्टरांनी गोळ्या लिहून देताना सांगितलं की आता काही वर्षं स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आमची गाडी खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहिली. माझं ऑफिस व्हाइटफील्डला, मुलीची शाळा दुसऱ्या टोकाला, आणि घरात पुन्हा फिट आली तर त्याला दवाखान्यात न्यायचं कुणी, या एका प्रश्नाने माझी झोप उडालेली. समोरच्या इमारतीतल्या बाई म्हणाल्या, "अक्कांकडे जा. मराठी बोलतात त्या."

मराठी त्या बोलायच्या खऱ्या. पण कसली मराठी! "आमचे खापरपणजोबा कुठल्या तरी फौजेबरोबर आले आणि परत जायचं विसरले," असं त्या सांगायच्या. तेव्हापासून ती भाषा घरातल्या घरात राहिलेली. तिच्यात पिढ्यान्पिढ्यांचं कन्नड मुरलेलं. पहिल्या दिवशी मी क्लच सोडला आणि गाडी बेडकासारखी उडाली, तेव्हा अक्का शांतपणे म्हणाल्या, "निधान, निधान."

मला कळेना. निधान म्हणजे ठेवा, धन. माझी आजी विठ्ठलाला निधान म्हणायची. मी इथे घामाने भिजलेय आणि या बाईंना धन कुठे दिसतंय? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "अक्का, निधान म्हणजे?"

"अय्यो! हळू गं. हळू, हळू. तुमच्याकडे काय म्हणतात?"

मी सांगितलं. त्या पोटभर हसल्या. मग थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "दोन्ही चालतं की. लक्ष पुढे दे."

जे. पी. नगरच्या आतल्या बाजूला सकाळी मोकळे असणारे काही रस्ते त्यांनी हेरून ठेवले होते. तिथे त्या मला न्यायच्या. त्यांच्या बाजूला जादा ब्रेक आणि जादा क्लच होता. अ‍ॅक्सिलरेटर मात्र एकच, शिकणाऱ्याच्या पायाखाली. त्यामुळे वेग वाढवणं शिष्याच्या हातात आणि थांबवणं अक्कांच्या. हिवाळ्यात त्या मांडीवर अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांची पिशवी घेऊन बसत. मी थरथरत गाडी चालवतेय आणि शेजारी त्यांचे हात शेंगा सोलतायत, दाणे एका डब्यात, सालं पिशवीत. पाय मात्र ब्रेकवर अधांतरी. आम्हा सगळ्या शिष्यांना एक खूण ठाऊक होती. शेंगा सोलायचा आवाज थांबला की समजायचं, पुढे काहीतरी आहे.

"लाथ मारायची नाही त्याला," त्या अ‍ॅक्सिलरेटरबद्दल बोलायच्या तेव्हा घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. "पायाने सांगायचं. स्वल्प सांगितलं की स्वल्प पळतो. ओरडलीस की तोही ओरडतो."

ड्रायव्हिंग स्कूल मुळात त्यांच्या भावाचं. अक्का तिथे बसून फोन घ्यायच्या, वेळा लावून द्यायच्या. शिकवायला पुरुष. एकदा एक बाई अर्ध्या तासात रडत परत आल्या. शिकवणारा त्यांच्यावर सारखा खेकसत होता. अक्कांनी त्यांना पाणी दिलं, भावाच्या टेबलावरची किल्ली उचलली आणि म्हणाल्या, "चला, मी येते बरोबर." भाऊ बघत राहिला. तेव्हापासून बायकांना त्याच शिकवत. लग्न केलं नव्हतं. भाऊ गेला, स्कूलची खोली गेली, एक गाडी आणि अक्का एवढंच उरलं. तेवढं पुरे होतं.

मी शिकले. सुहासला घेऊन पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेले तेव्हा मागच्या सीटवर अक्का बसल्या होत्या, न बोलता. परत आल्यावर त्या उतरल्या, सुहासकडे गेल्या आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. मला शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. ती त्याला मिळाली. बायकोच्या शेजारी बसून, हात मांडीवर ठेवून, अख्खा प्रवास एकदाही "अगं, ब्रेक" न म्हणणाऱ्या नवऱ्याला. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

पुढे त्या दोघांचीच गट्टी जास्त जमली. सुहासला यंत्रांचं वेड. दर रविवारी तो अक्कांच्या अंगणात जाऊन त्या निळ्या गाडीचं बॉनेट उघडून बसायचा. अक्का त्याला कॉफी द्यायच्या आणि इंजिन बंद असलं की ड्रायव्हरच्या सीटवर बसू द्यायच्या. "बंद गाडीला डॉक्टर काय करणार?" असं म्हणायच्या. तो तिथे बसून रेडिओ ऐकायचा. घरी आला की चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच समाधान असायचं.

अशाच एका रविवारी सकाळी अक्कांचा फोन आला. "एनम्मा, काय गं, सुहासला जरा पाठव. पेडल जड झालंय."

आम्ही दोघंही गेलो. अक्का पायरीवर बसल्या होत्या. नेहमीसारख्या नव्हत्या. आदल्या दिवशी एका शिष्येच्या नवऱ्याने त्यांना तोंडावर ऐकवलं होतं. गाडी सिग्नलला सुटताना आधी अडली आणि मग एकदम उसळली. ती बाई घाबरली. अक्का म्हणाल्या, पेडल जड आहे. तो माणूस म्हणाला, "पेडल जड होत नाही हो, वय झालं की पाय जड होतात. आता बस करा."

"मी दाबून बघितलं," अक्का म्हणाल्या. "आधी हलतच नाही. मग एकदम सुटतं. माझा पाय आहे का गाडी आहे, हे कुणीतरी बघून सांगा. मला खरं सांगा."

सुहासने कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून नागराजला बोलावलं. नागराज अक्कांची गाडी वर्षानुवर्षं बघत आलेला मेकॅनिक. बोलायचा कमी, गुणगुणायचा जास्त. इंजिन बंद ठेवून दोघं कामाला लागले. आधी खालची चटई उचलून पाहिली. कधीकधी तीच पेडलखाली सरकून बसते. तसं नव्हतं. पेडलच्या खिळीत तेल सोडलं, फरक नाही. मग नागराजने इंजिनाच्या बाजूने अ‍ॅक्सिलरेटरची केबल सोडवली. पेडलपासून इंजिनापर्यंत जाणारी ही तार. पाय दाबला की ती ओढली जाते आणि इंजिनाला जास्त हवा-पेट्रोल मिळतं. केबल सोडल्यावर इंजिनाकडचा खटका त्याने बोटाने फिरवला. तो लोण्यासारखा फिरला आणि टक्कन परत आला.

"इथे काही नाही," नागराज म्हणाला. "सार, तुम्ही आता पेडल दाबा."

सुहासने दाबलं. केबल इंजिनापासून सुटलेली असूनही पेडल तसंच जड.

"केबलच," दोघं एकदम म्हणाले, आणि एकमेकांकडे बघून हसले.

ओढून काढली तेव्हा कळलं. मागे कधीतरी बॅटरी बदलताना कुणीतरी ती तशीच वाकडी कोंबली होती. वाकलेल्या जागी वरचं वेष्टण वितळून आत चिकटलं होतं आणि आतल्या तारेचे बारीक तंतू तुटून जुन्या दोरासारखे विस्कटले होते. तेच आत अडकत होते. आणखी काही दिवस गेले असते तर वेग धरलेला असताना पेडल खाली अडकून बसलं असतं, आणि चालवणारी व्यक्ती नवशिकी असती.

एवढ्या जुन्या गाडीची केबल कुठे मिळेना. नागराज बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात हिंडून एक घेऊन आला. ती बसवली, नीट वळण देऊन बांधली. अक्कांनी पाय ठेवला. हळूच दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"हं," त्या म्हणाल्या. डोळे पुसले. मग लगेच उठून विचारलं, "ती जुनी कुठंय?"

जुनी केबल त्यांनी कापडी पिशवीत घातली. पुढे कित्येक दिवस ती पिशवी त्यांच्या खांद्याला होती. भाजीवालीला, औषधाच्या दुकानात, बँकेच्या रांगेत, जो भेटेल त्याला त्या ती विस्कटलेली तार काढून दाखवायच्या. "हा बघा. माझा म्हातारा पाय!" त्या शिष्येच्या नवऱ्याच्या घरीही जाऊन दाखवून आल्या. त्याने माफी मागितली म्हणे, आणि बायकोला पुन्हा पाठवलं.

हे सगळं इथेच थांबलं असतं, तर मी तुम्हाला एक हसरी गोष्ट सांगून मोकळी झाले असते.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फोन आला. "सुहास, परत जड झालंय बघ."

नागराज आला. चटई, खीळ, खटका, केबल, सगळं पुन्हा पाहिलं. केबल नव्यासारखी होती. नागराजने दाबून पाहिलं, सुहासने दाबून पाहिलं. काही दोष नाही. अक्का ऐकेनात. "तुम्हाला कळत नाही. मला कळतं. सकाळपासून दाबतेय मी, वर येत नाही, खाली जात नाही." त्या सीटवर जाऊन बसल्या, दाबून दाखवलं, आणि इंजिन सुरू नव्हतं म्हणून बरं, कारण त्यांनी पेडल एकदम तळापर्यंत नेलं होतं आणि त्यांना ते माहीतच नव्हतं. त्या उतरल्या. "बघितलंस?" म्हणाल्या.

सुहास वाकून, टॉर्च घेऊन पुन्हा पेडलकडे गेला. त्याने रबराला हात लावला आणि बोटं उजेडात धरली. आधी आम्हाला वाटलं तेल असेल. ते लाल होतं.

"अक्का, पाय दाखवा," तो म्हणाला.

"कुठला?"

"उजवा."

त्यांनी पायरीवर बसून पाय उचलला. तळव्यात, अंगठ्याच्या मागे, काचेचा एक तुकडा रुतलेला होता. बोटाच्या पेराएवढा. कडेने रक्त सुकलं होतं, मधे ओलं होतं. मी "आई गं" म्हणाले. अक्का आमच्याकडे बघत होत्या, पायाकडे नव्हे.

"काय आहे?"

"काच आहे, अक्का. दुखत नाही?"

त्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बोटाने त्या तुकड्याला हात लावला, जरा हलवून पाहिला. मला बघवेना.

"सकाळी बरणी फुटली होती," त्या हळूच म्हणाल्या. "मी झाडून काढली की सगळी."

दवाखान्यात मीच नेलं. साखर वाढलेली होती. किती वर्षांपासून, कुणास ठाऊक. त्यांनी कधी तपासलीच नव्हती. पायाच्या नसांची संवेदना गेली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. जखम भरेल, साखर आटोक्यात येईल, पण गेलेली संवेदना बहुधा परत यायची नाही. अक्कांना डोळे मिटायला सांगून डॉक्टरांनी त्यांच्या तळव्याला बारीक दोरा लावला, "कळलं की सांगा" म्हणाले. अक्का डोळे मिटून, मान ताठ करून, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या वाट बघत राहिल्या. दोरा केव्हाचा लावून झाला होता.

"गाडी चालवता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिकवते," अक्का म्हणाल्या.

"जमेल तेवढं टाळा," ते म्हणाले आणि कागदावर लिहू लागले.

त्या 'जमेल तेवढं'ला अक्कांनी घट्ट धरलं. पट्टी बांधलेल्या पायाने घरी आल्या आणि नागराजला निरोप धाडला, की केबल बदल. नवीन घाल. नागराज आमच्याकडे आला. "अक्का सांगतात तर बदलतो मी," तो म्हणाला, "पण बदलून काय होणार?" त्यांच्या म्हैसूरच्या भाचीने फोनवर मला सांगितलं, की गाडीची किल्लीच लपवून ठेवा, मावशीला सांगत बसू नका, ती ऐकायची नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच सोपं वाटलं.

सुहास म्हणाला, "नाही. मी जातो."

आम्ही संध्याकाळी गेलो. अक्का अंगणात गाडीच्या बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या, पट्टीचा पाय स्टुलावर. नागराजही आला होता, हातात रिकामी पिशवी घेऊन, काय करावं ते न कळून. सुहास गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसला. दार उघडं ठेवून त्याने पेडल दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं. मग तसाच बसून म्हणाला,

"अक्का, मला फिट आल्यावर दादा पुण्याहून आला होता. जाताना गाडीची किल्ली खिशात घालून घेऊन गेला. मला कुणी सांगितलं नाही. मी दोन दिवस घरभर किल्ली शोधत होतो. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे माझ्याबरोबर शोधल्यासारखं करत होते. फिट आली याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही."

हे मला माहीत नव्हतं. तेव्हा सासू-सासरे घरी राहायला आले होते आणि मी मुलीला घेऊन चार दिवस साताऱ्याला आईकडे गेले होते, आणि पुढे इतक्या वर्षांत तो एका शब्दाने बोलला नव्हता.

"तुम्ही मागे म्हणाला होतात, मला खरं सांगा," तो म्हणाला. "मी सांगतो. पेडल हलकं आहे, अक्का. मागच्या वेळी केबल होती. या वेळी केबल नाही."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. नागराजने पिशवीची घडी घालायला घेतली, मग तीही अर्धवट सोडली. अक्कांनी स्टुलावरच्या पायाकडे बघितलं, बोटं हलवून बघितली. ती हलली.

"हलतात बघ," त्या म्हणाल्या.

"हो," सुहास म्हणाला.

"पण त्यांना कळत नाही."

"हो."

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "सरी." आणि मग, जरा थांबून, अगदी वेगळ्या, कामाच्या आवाजात, "पण मंजुळाची टेस्ट आहे की गुरुवारी."

मंजुळा ही त्यांची शेवटची शिष्या. चार घरी स्वयंपाक करायची. गाडी शिकून बायकांसाठीच्या टॅक्सीत लागायचं तिने ठरवलं होतं. दोन वेळा टेस्टला नापास झाली होती आणि या वेळी नापास झाले तर सोडून देईन म्हणाली होती. अक्कांनी गाडी सोडली, पण मंजुळाला सोडायला त्या तयार नव्हत्या.

मग एक विचित्र वरात निघाली. ड्रायव्हरच्या सीटवर मंजुळा. डावीकडे, जादा ब्रेकवर, मी. ऑफिसातून रजा घेऊन. मागे अक्का, पट्टीचा पाय सीटवर लांब करून, दोन्ही सीटच्या मधून डोकं पुढे काढून. माझे पाय त्या ब्रेकवर अधांतरी धरून मला पोटऱ्यांत गोळे आले. तेव्हा कळलं की ही बाई वर्षानुवर्षं हे करत होती, आणि वर शेंगा सोलत होती.

"मंजुळा, त्याला सांग. ओरडू नको," मागून आवाज यायचा. "आणि तू गं, ब्रेक दाबायची घाई करू नको. तिला चुकू दे स्वल्प. चुकली नाही तर शिकेल कशी?"

गुरुवारी चढावर गाडी थांबवून पुन्हा सोडायची होती; मंजुळा दोन्ही वेळा तिथेच अडली होती. अक्का आणि मी कुंपणाबाहेर उभ्या. गाडी चढावर थांबली. एक क्षण किंचित मागे आली. अक्कांनी माझा दंड इतक्या जोराने धरला की वळ उठले. मग गाडी पुढे निघाली, एकही आचका न देता, आणि चढ संपवून पलीकडे उतरली.

अक्का म्हणाल्या, "साकु." पुरे. एवढंच.

त्यानंतरच्या आठवड्यात नागराज निळी गाडी घेऊन गेला. अक्कांनीच दिली त्याला. तो नेत असताना त्या बाहेर आल्या नाहीत. आत चित्रान्नासाठी, लिंबाच्या भातासाठी, लिंबं पिळत बसल्या होत्या. गाडी गेटबाहेर पडताना थोडी अडखळली तेव्हा आतून ओरडल्या, "निधान, नागराज!" आणि मग मिक्सर लावला.

पाय बरा झाला, पण एकटं राहणं जमेना. भाची न्यायला येते म्हणाली. अक्का म्हणाल्या, मी येईन माझी. मग मला विचारलं, "सोडशील?"

मी रविवारी माझी गाडी घेऊन गेले. सुहासने सामान मागे रचलं आणि रोपांच्या कुंड्यांबरोबर कसाबसा मागच्या सीटवर बसला. अक्का पुढे, माझ्या शेजारी. बिडदी येईपर्यंत त्या रस्त्याकडे बघत होत्या. ट्रक जवळ आला की त्यांचा पाय आपोआप पुढे जायचा आणि रिकाम्या जागेत टेकायचा. मी बघून न बघितल्यासारखं केलं. रामनगरच्या पुढे त्यांनी विचारलं, "एसी कमी होईल का?" मी कमी केला. चन्नपट्टणजवळ लाकडी खेळण्यांची दुकानं लागली, त्या काहीच बोलल्या नाहीत. मी वळून पाहिलं.

त्या झोपल्या होत्या. मान खिडकीकडे कललेली, तोंड किंचित उघडं, दोन्ही पाय वर घेऊन लुगड्यात गुंडाळलेले.

आरशात सुहासचे डोळे दिसले. "आयुष्यात कधी दुसऱ्याच्या गाडीत झोपल्या नाहीत म्हणे," तो पुटपुटला. "भावाच्याही नाही. मला सांगितलं होतं त्यांनी."

मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि उजवा पाय होता तिथेच ठेवला. खड्डा दिसला की लांबूनच वेग कमी करत होते. मागून गाड्या हॉर्न देत, डोळे वटारत पुढे जात होत्या. जाऊ देत. मंड्या गेलं, श्रीरंगपट्टणचा पूल गेला. त्या जाग्या झाल्या नाहीत.

भाचीच्या घरासमोर गुलमोहराची सावली होती. मी गाडी हळूच तिथे आणून थांबवली आणि इंजिन बंद केलं. त्यानंतर अक्कांची आणि माझी भेट झाली नाही. पावसाळ्यात त्या गेल्या, झोपेतच. पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं? तेव्हा फक्त ऊन होतं, आणि त्यांचा बारीक, एकसारखा श्वास ऐकू येत होता. घराचं दार उघडून भाची हसत, हात पुसत बाहेर आली. मी काचेतून तिला हातानेच खूण केली, थांब. ती पायरीवर थांबली. आम्ही तिघं तसेच वाट बघत राहिलो.